लग्न, व्हिसा आणि नागरिकत्व: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी कॉलेज रोडची, जावई न्यू जर्सीचा. किंवा मुलगा सिन्नरचा, सून फ्रान्सची. अशी स्थळं आता नवलाची राहिलेली नाहीत. गैरसमज मात्र जुनेच आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ असतो: लग्न, राहण्याची परवानगी आणि नागरिकत्व ही तीन वेगळी खाती आहेत हे लक्षात न घेणं. लग्नामुळे दुसऱ्या खात्यात अर्ज करण्याचा हक्क मिळतो. मंजुरी वेगळी, आणि तिसरं खातं तर त्याहून पुढचं.

परदेशी नागरिकाशी लग्न झालं की त्या देशाचं नागरिकत्व आपोआप मिळतं ना?

नाही. भारतातही नाही आणि आपली माणसं जातात त्या प्रमुख देशांतही नाही. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला आधी ग्रीन कार्ड घ्यावं लागतं. त्यानंतर तीन वर्षं त्याच नागरिक जोडीदारासोबत संसार चालू असेल तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, नाहीतर पाच वर्षं. कॅनडात जोडीदाराला थेट पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळतो, पण नागरिकत्वासाठी पाच वर्षांच्या काळात १,०९५ दिवस प्रत्यक्ष तिथं राहिल्याचा हिशोब द्यावा लागतो. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयाच्या बायकोला फॅमिली व्हिसा मिळतो. नवऱ्याची नोकरी आणि व्हिसा गेला की तोही जातो. तिथं नागरिकत्वाचा विषयच येत नाही.

आमची सून परदेशी आहे, लग्न होऊन दोन वर्षं झाली. ती भारतीय नागरिक कधी होईल?

नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५(१)(क) नुसार भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला अर्ज करण्याआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. ही सात वर्षं लग्नाची नव्हेत, वास्तव्याची. त्यांची मोजणीही ठरलेली आहे: अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्या बारा महिन्यांच्या मागच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. शेवटच्या बारा महिन्यांत सूनबाई आईच्या आजारपणाला दीड महिना माहेरी गेली तर सलगपणा मोडतो. म्हणून अर्जाचं वर्ष आधी ठरवा आणि त्या वर्षात विमानाची तिकिटं काढू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा. कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य शासनाकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात, मध्ये चौकशी होते. मंजुरी आली की आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो, कारण भारत दोन नागरिकत्वं मानत नाही.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेवण्यासारखी आहे. कलम ५ खालचा अर्ज बेकायदा स्थलांतरिताला करताच येत नाही, आणि वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेली व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरितच ठरते. ‘लग्न झालंय, कोण विचारतंय’ म्हणून व्हिसाची मुदतवाढ राहून जाते आणि सात वर्षांनी हेच आडवं येतं.

मग तोपर्यंत तिनं कुठल्या कागदावर राहायचं?

आधी एंट्री व्हिसावर. तो शक्यतो तिच्या देशातल्या भारतीय वकिलातीतूनच घेऊन यावं. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथं बदलून घेण्यासाठी ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर अर्ज करता येतो, पण तो प्रत्येक प्रकरणाप्रमाणे तपासला जातो, भरवसा धरू नये. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्याला इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू आहे. १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट रद्द झाला. जुन्या कायद्याचा हवाला देणारे छापील नमुने अजून फिरतात, ते वापरू नका.

लग्न नोंदवलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. बहुतेक जोडप्यांना हाच रस्ता सोयीचा पडतो. जोडीदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?

नावात ‘सिटिझन’ आहे, एवढंच. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा, कितीही वेळा येण्याजाण्याचा व्हिसा आणि काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग विकत घेण्याचा बेत असेल तर तोही नाही: शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस खरेदी बंद. वारसाहक्कानं मिळालेली शेतजमीन मात्र ठेवता येते.

जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय लग्नावर टांगलेलं असतं. न्यायालयानं घटस्फोट दिला तर ते रद्द होऊ शकतं. आईवडील भारतीय होते म्हणून मिळालेल्या ओसीआयला हा धोका नाही. त्यामुळे दोन्ही पाया उपलब्ध असतील तर वंशाच्या पायावर अर्ज करावा.

एनआरआय झालो म्हणजे नागरिकत्व गेलं का?

नाही. एनआरआय हा शब्द आयकर आणि परकीय चलन कायद्यातला आहे. तो कुठं राहता ते सांगतो, कोणत्या देशाचे ते नाही. एनआरआय भारतीय पासपोर्टवरच असतो. त्याला फॉर्म ६अ भरून मतदार यादीत नाव घालता येतं, फक्त मत द्यायला केंद्रावर स्वतः यावं लागतं. शेतजमीन विकत घेण्याची बंदी मात्र एनआरआयलाही आहे, हे पुष्कळांना इसार देऊन झाल्यावर कळतं.

मंगल कार्यालयात पाचशे माणसांसमोर लग्न झालं. नोंदणी कशाला?

पाचशे माणसं वकिलातीत साक्षीला जात नाहीत. व्हिसाच्या फाईलला लागतो तो शासकीय विवाह नोंदणीचा दाखला. देवस्थानाची पावती, कार्यालयाचं पत्र किंवा गुरुजींनी सही केलेला कागद त्याची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी नोंदणी होते, शुल्क वाढतं. नाशिक महानगरपालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. आपली हद्द कुठली ते आधी विचारून घ्या. गावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते. वधूवरांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची (किंवा काझींची) सही लागते. खोळंबा होतो तो याच सहीपाशी. लग्नाच्या दिवशीच अर्जाचा छापील नमुना खिशात ठेवा आणि अक्षता पडल्या की दक्षिणेसोबत सही घेऊन मोकळे व्हा. महिन्याभरानं ऐन मोसमात गुरुजी सापडणं कठीण.

दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी वाचा: दोघांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का, लग्नाची तारीख बरोबर आहे का, लग्नाची आणि नोंदणीची तारीख अदलाबदल तर झालेली नाही ना.

दाखल्याला अपोस्टिल लागतंच का?

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का. तो लागतो का, ते देश पाहून ठरतं. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला लागत नाही, उगाच पैसे घालू नका. युरोपातले बरेच देश मागतात. तिथं आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात नाही, म्हणून दुबईसाठी अपोस्टिलऐवजी त्यांच्या वकिलातीचं साक्षांकन करून घ्यावं लागतं.

मुलगी ख्रिश्चन, ब्रिटिश नागरिक. त्र्यंबकेश्वरला वैदिक पद्धतीनं लग्न लावलं तर चालेल?

सोहळा म्हणून खुशाल लावा. कायदेशीर लग्न म्हणून नाही. हिंदू विवाह कायद्यात दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात (बौद्ध, जैन, शीख त्यात धरले जातात). एक पक्ष ख्रिश्चन असेल तर हिंदू पद्धतीनं लागलेलं लग्न या कायद्याखाली वैध नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा जोडप्यासाठी विशेष विवाह कायदा १९५४ आहे.

त्याचं गणित नीट समजून घ्या. दोघांपैकी एकानं विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं. म्हणजे नाशिकचा मुलगा ही अट एकटा पूर्ण करतो, मुलीला आधी महिनाभर येऊन राहण्याची गरज नाही. नोटीस दिल्यावर ३० दिवस ती फलकावर राहते. हरकत आली नाही तर पुढं लग्न. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे हाती साधारण दोन महिनेच उरतात. १ नोव्हेंबरला नोटीस दिली तर डिसेंबर-जानेवारीत लग्न उरकायला हवं. ‘फेब्रुवारीत सुट्टी मिळेल’ हे चालणार नाही. परदेशी पक्षाचा पासपोर्ट, वैध व्हिसा आणि अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखला लागतो. घटस्फोट झालेला असेल तर त्याचा अंतिम हुकूमनामा, आणि तो इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर.

मुलगा अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे. लग्न लावून दिलं की सूनबाई सोबत जाईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. लगेच सोबत जाणार नाही.

नवरा अमेरिकन *नागरिक* असेल तर बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. वेळ लागतो तो कागदपत्रांच्या प्रक्रियेचा. नवरा *ग्रीन कार्डधारक* असेल तर ती एफ२ए या वर्गात जाते, ज्याला दरवर्षी ठराविकच व्हिसा असतात. नवऱ्यानं बायकोसाठी आय-१३० अर्ज भरल्याची तारीख हा तिचा रांगेतला नंबर. दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये तो नंबर आला की पुढचं काम चालू. मधल्या काळात टुरिस्ट व्हिसा मिळणं अवघड, कारण ती तिकडं कायमची जाऊ इच्छिते हे आय-१३० नं आधीच लिहून दिलेलं असतं.

लग्नाची तारीख कुठं बसते यावर सगळं फिरतं. मुलाला नोकरीतून ग्रीन कार्ड मिळणार असेल आणि ते मंजूर होण्याच्या *आधी* कायदेशीर लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच अर्जाची भागीदार ठरते आणि मागाहूनही जाऊ शकते. वेगळी एफ२ए रांग लागत नाही. मंजुरीनंतर दुसऱ्या दिवशी लग्न झालं तर रांग. म्हणून ज्याचं ग्रीन कार्ड उंबरठ्यावर आहे त्याच्या घरच्यांनी मुहूर्त काढण्याआधी मुलाच्या वकिलाशी बोलावं. रांगेत असताना नवरा नागरिक झाला तर तोच अर्ज वरच्या वर्गात जातो, नवा भरावा लागत नाही.

मुलाखत बहुधा मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये होते. ठरवून झालेली लग्नं अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. पण गंगापूर धरणावरचं प्री-वेडिंग शूट त्यांच्या फारसं उपयोगाचं नसतं. सप्तपदी, दोन्हीकडचे आईवडील एका चौकटीत, कार्यालयाचं बिल, पत्रिका, लग्नानंतरचे एकत्र प्रवास, रोजच्या बोलण्याचे कॉल लॉग: हे न्या. फोटो वीस-पंचवीस पुरे, मागं तारीख आणि कोण कोण आहे ते लिहून.

साखरपुडा झालाय. के-१ व्हिसा लवकर मिळतो म्हणे?

के-१ अमेरिकन नागरिकाच्या *भावी* जोडीदारासाठी आहे. तिथं पोचल्यावर ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावं लागतं. ग्रीन कार्डधारकाला हा अर्ज करताच येत नाही. आणि आपल्याकडचा खास घोटाळा असा: ‘वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी’ इथं सप्तपदी उरकून घेतात, नोंदणी करत नाहीत, आणि मग के-१ ला बसतात. फोटोत मंगळसूत्र आणि होम दिसला की अधिकारी तुम्हाला विवाहित मानतो, के-१ संपला. नोंदणीही नाही म्हणून पत्नीचा व्हिसाही लगेच नाही.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथं लग्न करून राहायचं, असा सल्ला देणारे दूरचे मामा प्रत्येक घरात असतात. तिथं लग्न करणं गुन्हा नाही, पण विमानतळावर हेतू लपवला असं ठरलं तर तो खोटेपणाचा ठपका कायमचा बसतो.

दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आलं. म्हणजे काहीतरी चुकलं का?

नाही. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते सशर्त, दोन वर्षांचं असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरायचा. तारीख चुकली तर दर्जा जातो, मग संसार कितीही सुखाचा असो.

एच-४ वर नोकरी करता येते का?

एच-४ म्हणजे अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. फक्त त्यावर नाही. नवऱ्याचा आय-१४० (नोकरीतून ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर असेल किंवा त्याला एच-१बी ची सहा वर्षांपुढची मुदतवाढ विशिष्ट नियमांखाली मिळाली असेल तरच ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं कार्ड, मागता येतं. ही सोय मे २०१५ पासून आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे जुनं कार्ड संपल्यावर नवं येईपर्यंत काम थांबवावं लागतं. परवानगी असते १८० दिवस आधीपर्यंत अर्ज भरण्याची; ती पूर्ण वापरा.

पासपोर्टवरचा व्हिसा संपला. आता मी बेकायदा का?

अमेरिकेत ही दोन वेगळी कागदं आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची चिठ्ठी. किती दिवस राहायचं ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख सांगते. व्हिसा संपला आणि आय-९४ चालू असेल तर राहणं वैध आहे, फक्त बाहेर गेलात तर परतायला नवा व्हिसा लागेल. उलट दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा असलेले आईबाबा आय-९४ च्या सहा महिन्यांपुढं राहिले की मुदतीबाहेर. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलावंच लागतं का?

सक्ती कुठंच नाही. ना आपल्या पासपोर्ट कार्यालयाची, ना परदेशी वकिलातीची. आणि आमचा सल्ला: व्हिसाची फाईल पूर्ण होईपर्यंत बदलूच नका.

आपल्या नावाची तीन पदं आहेत आणि लग्नात मधलं व शेवटचं अशी दोन एकदम बदलतात. काही घरांत पहिलंही बदलतं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं ‘अनघा’ हे नाव पत्रिकेनंतर आधारवर येतं, पासपोर्टवर ‘सुनीता’ राहते, दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं मधलं नाव असतं आणि विवाह दाखल्यावर नवऱ्याचं. वकिलातीच्या टेबलावर ही चार वेगळी माणसं असतात. बदलायचंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन, मग पासपोर्ट, या क्रमानं आणि सगळीकडं एकच स्पेलिंग. (पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणून तिथं ओळख काढून नाव दुरुस्त होतं असं समजू नये. छापखान्याचा आणि अर्जाचा संबंध नाही.)

जन्मदाखल्याचंही असंच. घरी जन्मलेल्यांची नोंद नसेल तर नोंदणी कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. त्याआधी तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागून पाहा. नोंद तिथं पुष्कळदा सापडते, फक्त बाळाच्या नावाऐवजी ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं.

बाळ परदेशात झालं. ते भारतीय की त्या देशाचं?

दुबईत झालेलं बाळ जन्मानं तिथलं नागरिक होत नाही. जन्मानंतर *एका वर्षात* भारतीय दूतावासात नोंद करा. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंद करताना बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, म्हणून अमेरिकन पासपोर्ट काढलेलं बाळ भारतात ओसीआय किंवा व्हिसावरच येतं. अमेरिकेत जन्मानं नागरिकत्व देण्याला २० जानेवारी २०२५ च्या आदेशानं मुरड घालण्याचा प्रयत्न झाला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. प्रसूती तिकडं व्हायची असेल तर त्या वेळची स्थिती पाहा. बाळामुळे आईवडील नागरिक होतात हे मात्र कधीच खरं नव्हतं. ते मूल २१ वर्षांचं झाल्यावरच आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं.

भारतात ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेलं मूल भारतीय ठरायला दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. सुनेचा व्हिसा वेळेवर वाढवा, असं वर सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

नेपाळी जोडीदाराला तर व्हिसाच लागत नाही. मग नागरिकत्व सोपं असेल?

नाही, सात वर्षांचाच नियम.

आधार आणि मतदार कार्ड आहे, म्हणजे नागरिकत्व सिद्ध झालं ना?

आधार रहिवाशाला मिळतं, परदेशी नागरिकालाही मिळू शकतं. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधार कायद्यातच लिहिलं आहे. नागरिक नसताना मतदार यादीत नाव घालणं हा खोटं प्रतिज्ञापन केल्याचा गुन्हा आहे. बूथवरच्या ओळखीच्या कार्यकर्त्यानं सूनबाईचा फॉर्म ‘सहज’ भरून दिला तर तो परत घ्या.

अमेरिकेची शपथ घेतली, पण भारतीय पासपोर्टची अजून चार वर्षं शिल्लक आहेत. वापरला तर?

शपथ घेतली त्या क्षणी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नं भारतीय नागरिकत्व संपलं. तो पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं; ओसीआयच्या अर्जाला तेच मागतात. जुना पासपोर्ट नाशिकला आईच्या कपाटात राहिला असेल तर आधी तो मागवून घ्या.

नवरा तिकडंच राहिला आणि तिथल्या कोर्टातून घटस्फोटाचा कागद पाठवला. संपलं का सगळं?

लगेच तसं समजू नका. इथल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, बायको हजर नसताना आणि तिनं त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना दिलेला परदेशी हुकूमनामा भारतात बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये ठरवलं आहे. परदेशी कोर्टाची नोटीस आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर उत्तर पाठवू नका. उत्तर देणं म्हणजे अधिकार मान्य करणं असा अर्थ निघू शकतो. नोटीस फाडून टाकणंही चूक, लिफाफ्यासकट जपा, त्यावरची टपालाची तारीख लागते. तक्रारीसाठी राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय विवाहांचा वेगळा कक्ष आहे. मुलगी तिकडं असताना त्रास सुरू झाला असेल तर अमेरिकन नागरिक वा ग्रीन कार्डधारकाची पीडित पत्नी नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते. त्याला लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या दर्जाचा पुरावा आणि एकत्र राहिल्याचे कागद लागतात. पासपोर्ट, विवाह दाखला, आय-९४ आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत माहेरी एका पाकिटात, निघायच्या आधीच.